गोळी कुणी घेतली, हा रकाना नव्हता

सोमवारी सकाळी बाबालाल नदाफांनी पिशवीतल्या वस्तू माझ्या टेबलावर ठेवल्या. त्यांना रक्ततपासणीचा कागद सापडत नव्हता. पिशवीत भाकरी होती, चष्म्याचं घर होतं, टोपी होती, एस.टी.चं तिकीट होतं. गोळ्यांची बाटली होती. बाटलीवर सुभेदार काटकरांचा क्रमांक होता.

कागद मिळाला. वस्तू परत भरताना नदाफांचा हात बाटलीपाशी थांबला. मी बाटलीकडे बघत होते आणि ते माझ्याकडे.

"बाई," ते म्हणाले, "सुभेदार येऊ द्यात. मग बोलू."

सुभेदारांची दहिवडीहून सुटलेली एस.टी. तेव्हा मायणी आणि विट्याच्या मध्ये कुठेतरी असणार होती. म्हणजे मला दीड तास मिळाला. तेवढ्या वेळात माझं काम काय होतं ते वाचकांना सांगून घेते, कारण नाहीतर एका माणसाची बाटली दुसऱ्याच्या पिशवीत सापडण्यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल.

सांगलीतल्या एका कर्करोग रुग्णालयात मी औषध-चाचणी विभागात समन्वयक होते. डॉक्टर औषध ठरवायचे, सिस्टर सुई लावायच्या, आणि या दोघांनी जे केलं ते खरोखर केलं होतं असं सिद्ध करणारे कागद मी सांभाळायचे. आमच्याकडे एक म्हणणं पक्कं होतं : जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. रुग्णाला उलटी झाली आणि मी ती लिहिली नाही, तर ती उलटी झाली नाही. चाचणीच्या फायलींना स्वतंत्र खोली होती आणि त्या खोलीला एसी होता. कागद दमट होऊ नयेत, अशी कंपनीची अट होती. वॉर्डात पंखे होते. रुग्ण दमट होण्याबद्दल करारात काही नव्हतं.

ही चाचणी ज्या कर्करोगाची होती तो मांसल भागात होतो. हाडात नाही, पोटातल्या एखाद्या अवयवात नाही. या सगळ्यांच्या मधे शरीरात जे भरलेलं असतं, स्नायू, चरबी, नसांभोवतीचं वेष्टण, त्यात ही गाठ येते. सुरुवातीला ती दुखत नाही, आणि आमच्या भागात जे दुखत नाही ते डॉक्टरला दाखवायचं नसतं. सुभेदारांच्या मांडीत गाठ आली तेव्हा पलटणीत असताना फुटबॉल लागला होता त्याची ही उरलेली सूज, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला. नदाफांच्या खांद्यामागे आली. ते कवठे महांकाळला गाद्या भरायचे. जन्मभर कापूस पिंजून खांदा वर आला असेल, असं घरच्यांनी ठरवलं. दोघे आमच्याकडे आले तेव्हा गाठीचे अंश फुप्फुसात गेले होते. फॉर्मवर याला 'प्रगत' म्हणतात. तो शब्द वाचल्यावर सुभेदारांच्या मंडळींनी विचारलं होतं, "परगत म्हंजी सुदारलाय न्हवं?"

फॉर्म सव्वीस पानांचा होता. तो कुठल्यातरी दूरच्या शहरात मराठीत आणला होता, आणि तो आणणारा माणूस मराठी बोलत असावा असं मला कुठेच वाटलं नाही. त्यात एक वाक्य होतं : 'आपला मृत्यू झाल्यास आपला चाचणीतील सहभाग आपोआप संपुष्टात येईल.' हे मी शंभरदा वाचून दाखवलं असेल. एकाही रुग्णाने त्याला हरकत घेतली नाही.

सव्वीस पानांतून सांगायचं इतकंच होतं. एक जुनं औषध आहे, रंगाने लाल, सलाईनमधून दर तीन आठवड्यांनी द्यायचं. ते सगळ्यांना मिळणार. त्याच्या जोडीला एक नवी गोळी, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. ती निम्म्यांनाच. दोन्ही एकत्र दिल्यावर गाठ जास्त दिवस गप्प बसते का, हे बघायचं आहे. गोळी कुणाला, हे कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टर नाही, कारण माणसाने ठरवलं तर माणूस कुणावर तरी दया करतो, आणि दया केली की आकडे बिघडतात.

फॉर्ममध्ये हे 'नाणे उडवल्याप्रमाणे' असं लिहिलं होतं. त्यावर औंधच्या एक आजी म्हणाल्या, "मग आमच्याम्होरं उडवा की." मी म्हटलं, आजी, खरं नाणं नाही, कॉम्प्युटर आहे. त्या उठल्या, गावी गेल्या, यमाईचा कौल लावून चौथ्या दिवशी परत आल्या आणि अंगठा दिला. कॉम्प्युटरने त्यांना गोळी दिली नाही. मला वाईट वाटलं. त्याच मला समजावत होत्या, "आईनं व्हय म्हनलं ते औशिदाला. गोळीचं मी इचारलंच न्हवतं."

शिवाय संमतीचं चित्रीकरण करावं लागे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही, असं रुग्णाने कॅमेऱ्यात बघून म्हणायचं. नदाफ नवी टोपी घालून आले आणि विचारलं, "हसू का नगं?" सुभेदार सावधान उभे राहिले. नाव, गाव, पलटण, हुद्दा सांगून "माझ्यावर कुनाचाबी दबाव न्हाई" म्हणाले, तेव्हा चौकटीच्या कडेला त्यांच्या मंडळींचं कोपर दिसत होतं. ते सुभेदारांच्या बरगडीत होतं. कंपनीने चित्रफीत तपासली आणि प्रकाशयोजनेबद्दल शेरा दिला.

दोघे एकाच आठवड्यात दाखल झाले. कॉम्प्युटरने सुभेदारांना गोळी दिली, नदाफांना नाही. सलाईनच्या खोलीत त्यांच्या खुर्च्या शेजारी होत्या. लाल औषध जायला वेळ लागतो, आधीच्या-नंतरच्या बाटल्या धरून सगळा दिवस जातो. पहिल्या दिवशी ते एकमेकांशी बोलले नाहीत. दुसऱ्या वेळी सुभेदारांना मांडीमुळे बसवत नव्हतं, हे नदाफांनी पाहिलं. तिसऱ्या वेळी येताना ते एक उशी घेऊन आले, मांडीच्या मापाने मधे खोलगट भरलेली.

"माप कवा घेतलंस रं?" सुभेदारांनी विचारलं.

"माप घ्यायला लागतंय व्हय? चाळीस वर्सं मान्सं कशी बसत्यात त्येच बगतोय मी."

मी त्या खोलीच्या दारापाशी पुस्तक घेऊन बसायचे. दर अर्ध्या तासाने रक्तदाब लिहायचा असे, मधला वेळ माझा. त्यांचं बोलणं कानावर यायचं. सुभेदारांचं लेह, नदाफांचा लग्नसराईतला गाद्यांचा धंदा, फोमच्या गाद्यांनी केलेला घात, कुणाच्या विहिरीला किती पाणी. दोघेही साठीच्या पुढचे. एकदा सुभेदारांनी मला विचारलं, "म्याडम, त्या पुस्तकात काय हाय एवढं?" मी म्हटलं, एका माणसाची गोष्ट आहे. "मग हितं तर दोगं हायत. हिकडं बगा की जरा." मी हसले आणि पान उलटलं.

गोळी घेणाऱ्यांना एक वही दिलेली असे. तारीख, सकाळच्या गोळीची वेळ, संध्याकाळच्या गोळीची वेळ, सही. बहुतेक वह्या तेलकट यायच्या, रकाने एकदम आदल्या रात्री भरलेले. बाटल्या रिकाम्या झाल्या तरी परत आणायच्या असत, पण झाकणाची चांगली बाटली गावात कोण परत करतं? एका घरातून ती ओवा भरून आली होती. सुभेदारांचं तसं नव्हतं. प्रत्येक खेपेला दोन बाटल्या दिल्या की दोन रिकाम्या परत. वहीत सकाळ ०६००, संध्याकाळ १८००. एक खाडाखोड नाही. कंपनीतर्फे आमची पाहणी करायला एक गृहस्थ यायचे, त्यांना मॉनिटर म्हणत. चाकाची बॅग, चष्मा कपाळावर, आणि चुका सापडल्या नाहीत तर चेहरा पडायचा. त्यांनी सुभेदारांची वही पाहिली आणि पहिल्यांदाच मला चहा घेणार का असं विचारलं. तिच्या पानांचा फोटो आदर्श नोंद म्हणून देशभरातल्या केंद्रांना गेला.

तर त्या सोमवारी सुभेदार आले. टेबलावर बाटली, बाटलीच्या पलीकडे नदाफ, अलीकडे मी. त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि खुर्ची ओढली.

"बाबालाल, तुज्याच्यानं एक डबी झाकून ठेवता येत न्हाई?"

"कागुद गावंना म्हनून पिशवी उपसली. तुमची यष्टी येळंवर आली असती तर ही येळ आली नसती."

"आता यष्टीवर ढकल."

मी विचारलं, कधीपासून?

"दुसऱ्या खेपंपास्नं," सुभेदार म्हणाले. "दोन बाटल्या मिळत्यात. एक माजी, एक त्येची. सकाळची मी घेतो सा वाजता. सांजची त्यो घेतो सा वाजता."

"आणि वही?"

"वहीत काय चुकलंय?" त्यांनी पिशवीतून वही काढून माझ्यापुढे उघडली. "सांजंला सा वाजता मी ह्येला फोन लावतो. घेतली का रं? घेतली. मग लिवतो. गोळी कुनी घेतली, ह्यो रकाना दाकवा मला ह्यात. न्हाई. मग खोटं कुटं हाय?"

मी वही पाहिली. खोटं कुठेच नव्हतं.

"पण सुभेदार, तुम्हाला का दिली गोळी आणि त्यांना का नाही, हे मी समजावलं होतं ना?"

"समजलंय की. कॉम्प्युटरला म्हाईत न्हाई कोन कुनाच्या शेजारी बसलंय त्ये. म्याडम, आमच्या मान तालुक्यात एका हिरीवर चार घरांचा हिस्सा असतोय. पानी कमी झालं म्हनून कुनी एकट्यानं उपसत न्हाई. पाळी कमी करायची, पर समद्यांची कमी करायची. ह्ये तर लय सोपं, दोनच हिस्सं."

"मी नगं म्हनत हुतो," नदाफ म्हणाले. "अल्लाची शप्पत. तर म्हनं, ऑर्डर हाय."

"हुतीच ऑर्डर."

त्यांची चूक काय होती, हे मला त्यांना सांगता येत होतं. गोळीचं पाण्यासारखं नसतं. अर्धी मात्रा दोघांना दिली की दोघांची अर्धी तहान भागते असं नाही, कदाचित कुणाचीच भागत नाही. सुभेदार आपली निम्मी शक्यता देत होते आणि ती नदाफांना मिळत होती की नुसती वाया जात होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी ते सांगितलं. सुभेदारांनी ऐकून घेतलं.

"असंल," ते म्हणाले. "पर त्येच्याम्होरं बसून एकट्यानं खायचं मला जमत न्हाई."

आता अडचण सांगते. नदाफांच्या यकृताचे आकडे गेले दोन महिने वर चढत होते. डॉक्टर चक्रावले होते. लाल औषधाने असं सहसा होत नाही. झाडपाला घेता का, म्हणून त्यांनी तीनदा विचारलं होतं आणि नदाफांनी तिन्ही वेळा खरं उत्तर दिलं होतं. त्याच सोमवारी डॉक्टर त्यांचं लाल औषध कमी करणार होते. ते औषध निर्दोष होतं, गुन्हेगार गोळी होती. मी गप्प बसले असते तर नदाफांचं हक्काचं औषध कमी झालं असतं आणि यकृत बिघडतच राहिलं असतं. मी बोलले तर सुभेदारांची गोळी जाण्याची भीती होती. आणि सुभेदारांचा स्कॅन चांगला होता. म्हणजे वाढ नव्हती, आमच्याकडे यालाच चांगला म्हणतात.

मी डॉक्टरांना सांगितलं. याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो पुढच्या दहा मिनिटांबद्दल.

डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी डोकं धरलं. "फॉर्म भरा," म्हणाले. "गोळी त्यांची त्यांना चालू ठेवता येईल का, बघतो मी." मी कॉम्प्युटरवर नियमभंगाचा फॉर्म उघडला. त्यात कारणाखाली दोनच पर्याय असतात : 'अनवधानाने' आणि 'जाणीवपूर्वक'. अनवधानाने निवडलं की पुढे 'पुनःप्रशिक्षण' असं येतं. रुग्णाला पुन्हा एकदा सव्वीस पानं वाचून दाखवायची आणि त्याचा सहभाग चालू राहतो. जाणीवपूर्वक निवडलं की प्रकरण कंपनीकडे जातं. ओव्याच्या बाटलीसाठी मी अनवधानाने निवडलं होतं. मला दोन्ही वाटा पाठ होत्या.

मी बाहेर जाऊन सुभेदारांना विचारलं, "फॉर्ममध्ये काय लिहू? चुकून झालं की मुद्दाम?"

ते एकदम ताठ बसले. "चुकून? म्याडम, अठ्ठावीस वर्सं नोकरी केली. चुकून कदी काय केलं न्हाई. जानून दिली म्हनून लिवा."

मी आत आले आणि तसं निवडलं.

आयुष्यभर मी लोकांना सही करण्याआधी सांगत आले, की या सहीने काय होईल, काय होणार नाही, नाही म्हणालात तर काय. सव्वीस-सव्वीस पानं. शंका आहे का, पुन्हा सांगू का, घरी विचारून येता का. त्या दिवशी एका माणसाला मी एका शब्दाची सही मागितली आणि त्या शब्दाने काय होईल ते सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं उत्तर मी बरीच वर्षं शब्दांच्या अचूकपणावर ढकललं. ते जाणीवपूर्वकच होतं, मग दुसरं कसं लिहिणार? पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला अशी उत्तरं लवकर सुचतात. खरं उत्तर एवढंच, की फॉर्म अचूक भरल्याबद्दल मला तोवर कुणी कधी बोल लावला नव्हता.

पुढचं सगळं रीतसर झालं. मॉनिटर दोन दिवसांत चाकाची बॅग ओढत आले. त्यांनी दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले. शेवटचा प्रश्न, नदाफांनी या गोळ्यांच्या बदल्यात काही दिलं का? नदाफांनी आठवून सांगितलं, उशी. मॉनिटरांनी उशीची नोंद घेतली. तिचा फोटो काढला. मग मला म्हणाले, "उशी कोणत्या खेपेला आली आणि गोळी कोणत्या खेपेपासून वाटली, याचा क्रम स्पष्ट करावा लागेल." मी लेखी स्पष्ट केला. आदर्श नोंदीचा तो फोटो सगळ्या केंद्रांनी तत्काळ पुसून टाकावा असं पत्र निघालं, आणि ज्यांनी तोवर पाहिला नव्हता त्यांनीही तो उघडून पाहिला.

मग एथिक्स कमिटी बसली. हिच्यात डॉक्टर असतात, वकील असतात, आणि नियमाप्रमाणे एक सामान्य माणूस असावा लागतो. आमचे सामान्य म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. वडे येईपर्यंत वकिलांनी विचारलं, याला औषधाची अफरातफर म्हणायचं की दान? दान म्हटलं तर देणाऱ्याची मालकी मान्य होते. यावर अर्धा तास गेला. वडे आल्यावर पोस्टमास्तर म्हणाले, "ते ठरवा तुम्ही सावकाश. त्या दोघांना उद्यापासून काय द्यायचं?"

मग डॉक्टरांनी सांगितलं, नदाफांचं यकृत गोळी थांबली की सावरेल, लाल औषध पूर्ण मात्रेत चालू ठेवू. आणि सुभेदारांना त्यांची गोळी पूर्ण, दोन्ही वेळची मिळावी, अशी कमिटीची शिफारस असावी. पोस्टमास्तरांनी ती स्वतःच्या हाताने लिहिली, सुवाच्य. कंपनीचं उत्तर आलं. शिफारशीची नोंद घेतली आहे. तथापि नियमभंग जाणीवपूर्वक असल्याचे केंद्रानेच नमूद केले असल्याने सदर रुग्णास गोळी देणे थांबवावे.

केंद्रानेच म्हणजे मी.

हे सांगायला मी सलाईनच्या खोलीत गेले. सुभेदार उशीवर बसले होते.

"बंद?"

"बंद. लाल औषध चालू राहील."

"आन् ह्येचं?"

"नदाफांचंही लाल औषध चालू राहील. पूर्ण."

"मग झालं की," ते म्हणाले. नदाफ खिडकीबाहेर बघत होते. सुभेदारांनी त्यांना हाक मारली. "बाबालाल, सांजंला सा वाजता मी फोन लावनार बरं का. गोळी न्हाई म्हनून बसू नगंस गप."

"लावा की. बिल तुमचंच हाय."

त्यानंतर कंपनीने वहीत एक रकाना वाढवला : 'वरील गोळी मी स्वतः घेतली आहे.' रोज दोन सह्या. मराठवाड्यात, गुजरातेत, कुठे कुठे लोक तो रकाना भरत असतील आणि हे असलं कोण विचारतं म्हणून हसत असतील.

लाल औषध एका मर्यादेपुढे देत नाहीत, हृदयाला सोसत नाही. ते संपल्यावर सुभेदार गावी गेले. चाचणीतून काढलं तरी दर तीन महिन्यांनी फोन करून रुग्ण हयात आहे का, एवढं विचारायचा नियम होता. प्रश्न छापील होता : 'आपण सध्या हयात आहात काय?' तो मी कुणालाच तसा विचारला नाही. कसे आहात, पाऊस काय म्हणतो, असं विचारायचे आणि 'होय' वर खूण करायचे. सुभेदारांना मात्र प्रश्न माहीत होता. पहिल्या फोनला माझा आवाज ऐकताच ते म्हणाले, "सुभेदार काटकर, हजर." दुसऱ्या फोनलाही म्हणाले, पण मधे श्वास घेऊन. तिसरा फोन मंडळींनी उचलला. त्याच म्हणाल्या, "बाई, लिवा तुमी. तुमास्नी लिवावं लागतंय न्हवं?"

लिहिलं. मृत्यूची खबर चोवीस तासांत कळवावी लागते. उशीर झाला तर उशिराचा वेगळा फॉर्म असतो. माझा एकदाही उशीर झाला नाही. एकामागून एक माणसं गेली, औंधच्या आजी गेल्या, प्रत्येकाची खबर मी मुदतीत दिली. शोकाला मुदत नसते, म्हणून मी तो मागे टाकत गेले. आता निवृत्तीनंतर मुदतीचं काही काम उरलेलं नाही, तेव्हा त्याला हात घातला आहे. सावकाश चाललं आहे.

चाचणीचा निष्कर्ष निघाला तेव्हा त्यात ही दोन माणसं नव्हती. अर्धी मात्रा घेतलेला एक आणि घ्यायची नसताना घेतलेला एक. यांना कुठल्याच बाजूला धरता येत नाही, असं संख्याशास्त्रज्ञांचं मत पडलं. ते बरोबर आहे, मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. नदाफांच्या फुप्फुसातले ठिपके वाढलेले नाहीत. लाल औषधाने, की त्या काही आठवड्यांच्या गोळ्यांनी, की आपसूक, ते डॉक्टरांना सांगता येत नाही. नदाफांना एकाने गावात विचारलं, तुला नवं औषध लागू पडलं म्हणे? ते म्हणाले, "मला कुटं दिलं हुतं?"

सुभेदारांना पूर्ण गोळी मिळाली असती तर ते जगले असते का? माहीत नाही. कदाचित काही महिने, कदाचित काहीच नाही. पण न कळण्याचा आधार मी घेत नाही, कारण त्या दहा मिनिटांत मलाही ते माहीत नव्हतं, आणि तरी मी विचारायला हवं होतं तसं विचारलं नाही.

गेल्या श्रावणात मी हे नदाफांना सांगितलं. तपासणीसाठी आम्ही बाकावर बसलो होतो. दोन पर्याय कोणते होते, कशाने काय झालं असतं, सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"त्येंनी दुसरं सांगितलंच नसतं बाई," ते म्हणाले.

"पण मी सांगायला हवं होतं."

"व्हय," नदाफ म्हणाले. "सांगाय पायजे हुतं."

मग त्यांचं नाव पुकारलं, ते आत गेले. परत आल्यावर त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेला कागद माझ्याकडे दिला, माझ्याजवळच ठेवायला. दर तीन महिन्यांनी त्यांची छातीची तपासणी असते. मी त्यांच्याबरोबर जाते.